वाणाचं खत

डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या भरल्या सभेत मी माझ्या वहिनीवर आळ येऊ दिला. नुसता येऊ दिला म्हणणं हीसुद्धा पळवाट आहे. त्या आळाला मी माझ्या शिक्षणाचा टेकू दिला. "कचरा वेगळा करताना कुठेतरी चूक झालेली असावी," एवढंच मी म्हणालो. अहवालात लिहितात तसलं वाक्य. त्यात कोणाचं नाव नव्हतं. पण त्या इमारतीत कचरा वेगळा करण्याचं काम एकच बाई बघत होती आणि ती माझी वहिनी होती. चूक तिची नव्हती, माझी होती, आणि बोलताना मला ते माहीत होतं.

हे लिहायला बसलो की अजूनही उठून फेऱ्या माराव्याशा वाटतात. तरी क्रमाने सांगतो.

मी ठाण्यात एका खाजगी कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतो. माजिवड्याच्या चौकातून आत वळल्यावर ज्या जुन्या कारखान्यांचे अजून टॉवर व्हायचे राहिलेत, त्यांतल्या एका कारखान्याच्या आवारात. राहायला बाळकुमला. माझं काम कुजणाऱ्या प्लास्टिकचं. साधं प्लास्टिक का कुजत नाही, हे मी आजवर खूप जणांना समजावलंय. केस विंचरल्यावर फणीत गुंतवळ राहते, तसे त्याचे लांबच लांब रेणू एकमेकांत अडकलेले असतात. जंतूंना त्यात टोकच सापडत नाही, मग ते खाणार कुठून? आम्ही जे बनवतो त्याच्या रेणूंमध्ये मुद्दाम कच्चे सांधे ठेवलेले असतात. ठरावीक एन्झाइम तेवढा सांधा बरोबर तोडतं. तुकडे लहान होत होत शेवटी जंतूंच्या पोटात जातात. मागे उरतं ते पाणी, थोडा वायू आणि थोडी माती.

पण त्याला ऊब लागते. आमच्या प्रयोगशाळेतल्या डब्यांत ती ऊब दिवसरात्र सारखी असते, हात घालवणार नाही इतकी. इमारतीच्या मागच्या खताच्या खड्ड्यात ती नसते. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. माझं म्हणणं असं होतं की पिशवी बनतानाच तिच्यात आमचं एन्झाइम घातलं, तर एवढी ऊब लागणार नाही. म्हणणं चुकीचं नव्हतं. ते सिद्ध झालेलं नव्हतं, इतकंच.

आता वहिनीच्या खड्ड्याबद्दल. माझा थोरला भाऊ आणि वहिनी डोंबिवली पश्चिमेला राहतात. गावचा गणपती बंद करून आम्ही तो त्यांच्याकडे आणला, तेव्हापासून आमचं सगळं घर दीड दिवस तिथे असतं. विसर्जनाला रेतीबंदरावर जायचो तेव्हा वहिनीला एक गोष्ट सहन व्हायची नाही. लोक निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत भरून, वर गाठ मारून, तशीच पिशवी खाडीत भिरकावायचे. आत फुलं, दुर्वा, केळीची पानं. ती पिशवी फुगून तरंगत राहायची. वहिनी म्हणायची, देवाच्या फुलांना गुदमरवून मारल्यासारखं वाटतं.

तिने सोसायटीच्या मागच्या पडीक कोपऱ्यात खड्डा करून घेतला. कमिटीच्या मागे लागून, दोन माळ्यांवरच्या बायकांना हाताशी धरून. तिचा नियम एकच होता आणि तो सगळ्या इमारतीला पाठ होता: गाठ सोडा, फुलं खड्ड्यात टाका, पिशवी घरी न्या. गणपतीच्या दिवसांत ती तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची. कोणी गाठ न सोडता पिशवी टाकायला लागलं की म्हणायची, "अहो, नमस्कार करताना मूठ बंद ठेवता का? सोडा ती." लोक हसायचे आणि सोडायचे. पण कुजक्या फुलांत हात घालायला बऱ्याच जणांना किळस यायची. मग वहिनीच स्वतः हातमोजे घालून पिशव्या उलट्या करत बसायची. दुर्वांच्या जुड्यांचे रबरबँड, हारांतला जरीचा दोरा, अगरबत्तीची वेष्टणं, सगळं वेगळं. त्या खड्ड्यातलं खत काळंभोर आणि हाताला रव्यासारखं लागायचं.

मीच तिला म्हणालो की गाठी सोडायची कटकट आता संपली समजा. आमच्याकडच्या पिशव्या देतो, पिशवीसकट टाका, ती फुलांबरोबरच कुजेल.

तिला पटकन पटलं नाही. प्लास्टिक कसं कुजेल, असं तिने विचारलं. मी तिला पोळीचा एक घास तोंडात बराच वेळ चावायला लावला. गोड लागायला लागला ना, म्हटलं. लाळेतलं एन्झाइम पोळीतल्या पिठाची साखर करतं, तसंच हे.

"म्हणजे पिशव्या आम्ही चावायच्या का आता?" वहिनी म्हणाली.

भाऊ पेपरामागून म्हणाला, "तिच्या पोळ्या चावून चावून माझं सगळं एन्झाइम संपलं. मला नाही जमणार."

तो खूप चांगला दिवस होता. मला तो आठवला की जास्त त्रास होतो.

त्या वर्षी गणपतीला आमच्या चाचणीच्या बॅचमधल्या पिशव्या मी गाडीतून डोंबिवलीला नेल्या. विभागप्रमुखांना तोंडी सांगितलं होतं, ते वापरून बघ म्हणाले होते. वहिनीने घरोघरी जाऊन पिशव्या वाटल्या. माझ्या धाकट्या दिरांनी बनवल्यात, शास्त्रज्ञ आहेत, असं सांगत वाटल्या. स्वतःचा नियम तिने माझ्या शब्दावर मोडला. लोकांना तर सुटल्यासारखंच झालं. किळस नाही, गाठ नाही, पिशवी टाकली की निघाले.

दिवाळीच्या सुमाराला मी खड्डा बघायला गेलो. बरोबर चाळणी नेली होती. आमच्या कामात खत चाळून बघतात. चाळणीवर पिशवीचे तुकडे किती राहिले, यावरून ती किती कुजली ते ठरवायची एक पद्धत आहे. मी आणि वहिनीने निळ्या ताडपत्रीवर खत चाळलं. चाळणीवर काड्या राहिल्या, नारळाच्या शेंड्या राहिल्या. पिशवीचा एक तुकडा नाही. मी उकिडवा बसून त्या रिकाम्या चाळणीचा फोटो काढला.

पण ती पद्धत तिथे संपत नाही. चाळणीखाली काय पडलं, तेही तपासायचं असतं. तुकडे दिसेनासे होणं वेगळं आणि कुजणं वेगळं, हे मी स्वतः नवीन मुलांना शिकवतो. पिशवीतलं मक्याचं स्टार्च लवकर जातं, त्याबरोबर पिशवीचा जोर जातो आणि उरलेलं प्लास्टिक भुगा होऊन विखुरतं. ते बारीक होतं, नाहीसं होत नाही. उलट मोठा तुकडा हाताने उचलता तरी येतो.

ताडपत्रीवर काळ्या खतात पांढरे कण होते. वहिनीने बोटावर एक कण घेऊन मला दाखवला.

"भावजी, हे पांढरं काय हो?"

मी तो तिच्या बोटावरून घेतला आणि चिमटीत चोळला. बुरशी असती तर तिची पूड झाली असती. ती झाली नाही. चोळून चोळूनही तो कण तसाच राहिला, थोडा वाकला आणि पुन्हा सरळ झाला.

"बुरशी आहे," मी म्हणालो. "चांगलं लक्षण असतं ते. खत जिवंत आहे."

हे मी जाणूनबुजून बोललो का, हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता उत्तरावर विश्वास उरलेला नाही. फोटो काढून झाला होता. तो मनातल्या मनात ऑफिसात दाखवूनही झाला होता. त्यानंतर तो कण माझ्या चिमटीत आला. आधी आला असता तर मी वेगळं बोललो असतो, असं वाटतं. वाटतं, एवढंच म्हणू शकतो.

वहिनीला खत जिवंत आहे हे फार आवडलं. तिने त्याच्या लहान पुड्या बांधल्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटल्या. दरवर्षी बायका प्लास्टिकचे डबे, गाळणी, साबणाच्या वड्या असलं काही वाण देतात. तिने गणपतीच्या फुलांचं खत दिलं. त्याचं इमारतीत कौतुक झालं. बायकांनी ते तुळशीला घातलं. पांढरं काय म्हणून दोघी-तिघींनी विचारलं, तेव्हा वहिनीने माझ्या शब्दांत सांगितलं. बुरशी आहे, चांगली असते, खत जिवंत आहे.

मग उन्हाळा आला. उन्हाळ्यात कुंड्यांना पाणी जास्त घालतात. पाण्याबरोबर ते कण हलके म्हणून वर आले आणि मातीवर पांढरा थर दिसायला लागला. घरोघरच्या तुळशींत. कोणी म्हणालं थर्माकोल, कोणी म्हणालं मीठ. व्हॉट्सॲपवर फोटो पडले. शेवटी सोसायटीने सभा बोलावली आणि वहिनीने मला फोन केला. "तुम्ही या भावजी. तुम्ही सांगितलंत की लोक ऐकतील."

मी गेलो. जाताना माजिवड्याच्या सिग्नलला गाडी थांबली होती, तेव्हा परत फिरावंसं वाटलेलं आठवतं. फिरलो नाही. खरं बोलायचं ठरवून गेलो होतो असंही नाही. काहीतरी मधलं सापडेल, अशा भरवशावर गेलो.

इमारतीखाली गाड्या हलवून खुर्च्या मांडल्या होत्या. मला पुढे बसवलं, समोर पाण्याची बाटली ठेवली. तिसऱ्या माळ्यावर एक निवृत्त इंजिनीअर राहतात. त्यांनी स्वतःच्या तुळशीतले कण कागदावर आणले होते. एक कण त्यांनी चिमट्यात धरला आणि काडी पेटवून खाली धरली. तो वितळला, त्याचा थेंब होऊन कागदावर पडला.

"काकू, बुरशी अशी वितळते का हो?" त्यांनी वहिनीला विचारलं.

लोक हसले. मागून एक बाई म्हणाली, तुळशीत प्लास्टिक घातलं, आणि तेही वाण म्हणून. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. सेक्रेटरी समजूतदार माणूस. ते म्हणाले, काकूंचा हेतू चांगलाच आहे, पण निर्माल्यात साध्या पिशव्या जात राहिल्या असणार आणि काकूंच्या लक्षात आलं नसेल, वय झालं की होतं असं. मग ते माझ्याकडे वळले आणि तज्ज्ञ म्हणून माझं मत विचारलं.

वहिनी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी आता सगळं नीट सांगणार, याची तिला खात्री होती.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या वरच्या लोकांसमोर माझं सादरीकरण होतं. रिकाम्या चाळणीचा फोटो त्यात होता. मी उभा राहिलो आणि ते वाक्य बोललो. कचरा वेगळा करताना कुठेतरी चूक झालेली असावी. वहिनीने मान खाली घातली. ती तिथल्या तिथे म्हणू शकली असती की पिशव्या यांच्याच, बुरशी हा शब्दही यांचाच. लोकांनी तिचं ऐकलं असतं. पण घरातला माणूस चारचौघांत उघडा पाडायचा नाही, हे तिच्या अंगात इतकं भिनलेलं होतं की तिच्या मनात तसा विचारही आला नसेल.

वर गेल्यावर तिने पिठलं टाकलं. भावाने जेवताना विचारलं, "अरे, तू म्हणालास तसंच झालं असेल का रे?" मी पाणी पीत होतो. वहिनी त्याला भात वाढताना म्हणाली, "असेल."

खड्डा बुजवला. वर पेव्हर ब्लॉक बसवले, तिथे आता स्कूटर लावतात.

सादरीकरण चांगलं झालं. त्यानंतर मात्र मला एका जागी बसवेना. वहिनीने आम्हालाही वाण दिलं होतं, ते आमच्या गॅलरीतल्या तुळशीत होतं. मी त्यातली चिमूटभर माती प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कणांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. एन्झाइमने काम केलं होतं, पण ते अर्ध्यात थांबलं होतं. कण कसला आहे ते सांगणारं यंत्र आमच्याकडे आहे. त्यात तपासलं. आमचाच होता. शंकेला जागा राहिली नाही.

विभागप्रमुखांना मी सांगितलं की साध्या खड्ड्यात पिशवी पूर्ण जात नाही. ते रागावले नाहीत. पिशवीवर "फक्त औद्योगिक खत प्रकल्पासाठी" असं छापू, म्हणाले. एका ओळीत त्यांचा प्रश्न सुटला. पुढे ती पिशवी बाजारात परवडेना म्हणून तो प्रकल्पच गुंडाळला गेला. मला कोणी जाब विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं, असं पुष्कळदा वाटायचं. शिक्षा झाली की माणूस निदान एका जागी बसतो.

मला सगळीकडे पांढरे कण दिसायला लागले. बाळकुमला सकाळी चालायला जायचो तर नजर रस्त्याच्या कडेला. थांबायचो, वाकायचो, चिमटीत चोळून बघायचो. कधी चुना निघायचा, कधी अंड्याचं टरफल. घरी आलो की तुळशीची माती उकरत बसायचो. माझ्या बायकोला मी सगळं सांगितलं होतं. एके दिवशी तिने माझ्या हातातला चमचा काढून घेतला.

"तिथे तुळशीत काय शोधताय? जिला सांगायचंय ती डोंबिवलीत बसलीये."

मी म्हणालो, जाईन एकदा. ती म्हणाली, "तुम्ही नाही गेलात तर मी जाईन. आणि मी सांगेन ते तुम्हाला आवडणार नाही."

डोंबिवलीला जायचं म्हणजे भिवंडी बायपास, ट्रक, दोन तास मोडले, हे माझं नेहमीचं रडगाणं होतं. मग मानकोलीहून खाडीवरचा नवा पूल सुरू झाला आणि ते रडगाणंही गेलं. बाळकुमहून निघालं की कशेळी, काल्हेर, मग पूल, आणि उतरलं की भावाचं घर. दोनदा मी पुलापर्यंत जाऊन मागे फिरलो. एकदा तर पार त्यांच्या इमारतीपर्यंत गेलो, स्कूटरींच्या मागे गाडी लावली, आणि वर न जाता परत आलो. भावाला खिडकीतून गाडी दिसली होती. त्याने फोन केला, "अरे, तू आत्ता खाली आलेलास का?" मी म्हणालो, नाही, कोणाची तरी तसलीच असेल. एका खोट्यातून दुसरं असं निघत होतं, आणि भावाशी मी याआधी कधी खोटं बोललो नव्हतो.

वहिनीचं काय झालं, ते बाहेरून पाहणाऱ्याला कळलं नसतं. ती आजारी पडली नाही, रडली नाही. संध्याकाळी खाली बाकावर बायकांत बसायची ते बंद झालं. गुडघा दुखतो म्हणायची. पुढच्या संक्रांतीला तिने हळदीकुंकू केलं नाही, तेव्हाही गुडघाच होता. इमारतीतल्या पोरांनी तिचं नाव बुरशीवाल्या काकू पाडलं होतं. माझ्या पुतणीने ते हसत हसत मला सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघून गप्प झाली. वर्षानुवर्षं जी बाई सगळ्यांच्या फुलांना हात लावायची, तिला आता कोणी फुलाच्या कामाला बोलवत नव्हतं. नवरात्रात देवीच्या ओटीची तयारी दुसऱ्या कोणाकडे गेली. आणि माझ्याशी ती पहिल्यासारखीच वागायची. मोदक पाठवायची. माझ्या मधुमेहाची चौकशी करायची.

शेवटी एका रविवारी मी वर गेलो. भाऊ बाजारात गेला होता. वहिनी जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि एक जुडी माझ्याकडे ओढली. म्हटलं, वहिनी, त्या पिशव्या पूर्ण कुजत नव्हत्या. मी तपासलं. ते कण आमच्याच पिशव्यांचे होते.

ती निवडत राहिली. "माहीत होतं मला," म्हणाली. "साधी पिशवी मी खड्ड्यात जाऊच दिली नव्हती. मग दुसरं काय असणार?"

मी म्हणालो, मग तुम्ही सभेत बोलला का नाहीत? ती म्हणाली, झालं ते झालं, तुमचं कामच तसलं, कधी जमतं कधी नाही. चहा ठेवू का? मला वाटलं, सुटलो. खरंच तसं वाटलं, छाती हलकी झाली. मी चहाला हो म्हणालो. ती उठली नाही. हातातली काडी मोडत बसली.

"पिशवीचं मला काही नाही वाटत, भावजी. पण मी एकेकीच्या घरी जाऊन, हात धरून सांगितलं होतं, बुरशी आहे म्हणून. आता मी खरं बोलले तरी त्या माझ्या तोंडाकडे बघतात."

मग ती चहा ठेवायला उठली.

तो चहा मला गेला नाही. मी मनातल्या मनात जी माफी जुळवून आणली होती, ती स्वयंपाकघरातली होती. तिथे ती मागणं सोपं होतं, कारण वहिनी माफ करणार हे मला आधीच माहीत होतं. नुकसान झालं होतं ते खाली, त्या बायकांमध्ये. तिचा शब्द गेला होता, आणि तो मी घालवला होता. तो परत तिथेच द्यायला हवा होता. हे कळलं तरी माझी हिंमत झाली नाही. गणपती येईपर्यंत मी नुसता घरभर फिरत राहिलो. सेक्रेटरीला पत्र लिहायचं ठरवलं, मग फोन करायचं ठरवलं. पत्र लिहिलं की ते अहवालासारखं व्हायचं. त्यात "आढळून आले" आणि "असे दिसते" यायचं. मी ते फाडायचो.

गणपतीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी भावाकडे आरतीला इमारतीतले लोक येतात. त्या वर्षीही आले. हॉल भरला, उरलेले जिन्यात उभे राहिले. सेक्रेटरी होते, त्यांची बायको होती, काडी पेटवणारे इंजिनीअर टाळ वाजवत होते. मंत्रपुष्पांजली झाली, सगळ्यांनी फुलं वाहिली. भाऊ खिरापत वाटायला लागला. वहिनी मूर्तीसमोर सांडलेली फुलं गोळा करत होती. सकाळच्या पूजेचे हार एका टोपलीत काढून ठेवले होते.

सेक्रेटरींची बायको टोपलीकडे बघून हसत म्हणाली, "काकू, निर्माल्य उद्या पालिकेच्या गाडीत द्या हं. नाहीतर परत आमच्या तुळशीला बुरशी यायची."

त्यात फार वाईट हेतू नव्हता. तो इमारतीतला जुना विनोद झाला होता. चार-पाच जण हसले. वहिनीही हसली. ती हसली ते मला बघवलं नाही. टोपली उचलून ती आत निघाली होती, मी तिच्या वाटेत उभा राहिलो. माझ्या एका हातात खिरापत होती, तळहात चिकट झाला होता, ती ठेवायला जागा सापडेना. मी म्हणालो, मला सगळ्यांशी जरा बोलायचंय.

भावाला वाटलं मी विसर्जनाची वेळ सांगणार. "सांग की," तो म्हणाला आणि लोकांना गप्प केलं.

वहिनीला कळलं. ती हळूच म्हणाली, "भावजी, आज नको. माणसं आलीत घरी."

मी म्हटलं, माणसं आलीत तेच बरं. मी सगळ्यांना विचारलं, तीन वर्षांपूर्वी गणपतीत वहिनीने घरोघरी पिशव्या दिल्या होत्या, त्या आठवतात का? काहींनी माना हलवल्या. त्या पिशव्या मी बनवल्या होत्या, मी म्हणालो. त्या कुजतील असं मी तिला सांगितलं. गाठ सोडायची गरज नाही, हेही मी सांगितलं. त्या कुजल्या नाहीत, त्यांचा भुगा झाला, तोच तुमच्या तुळशीत आला. इंजिनीअर टाळ हातात धरून माझ्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "मग बुरशी कोण म्हणालं होतं?"

"मी," मी म्हणालो. "वहिनीने मला विचारलं होतं, हे पांढरं काय. मी हातात घेऊन बघितलं होतं. ती बुरशी नाही, हे मला तेव्हाच जाणवलं होतं. तरी मी बुरशी म्हणालो. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि तेच तुम्हाला सांगितलं."

सेक्रेटरी म्हणाले, अहो, होतं असं, प्रयोग म्हटल्यावर, जाऊ द्या. त्यांना मला सोडवायचं होतं. मी म्हणालो, जाऊ दिलं तर वहिनीवरचं जात नाही. भावाकडे मला बघता येत नव्हतं. त्याच्या हातातली खिरापतीची वाटी तशीच राहिली होती. वहिनी टोपली पोटाशी धरून उभी होती, तिचे डोळे खाली होते. मी तिच्याकडे वळलो, पण लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो.

"सभेत मी म्हणालो होतो की कचरा वेगळा करताना चूक झाली. तुमच्या हातून एकही चूक झाली नव्हती, वहिनी. मला ते तिथे उभा असतानाच माहीत होतं. माझी नोकरी आणि माझं नाव वाचवायला मी तुम्हाला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. तुम्ही मला तेव्हाही सांभाळून घेतलंत. माझं चुकलं. मला माफ करा."